जुवे : वाटेवरचे बेट आडबाजूला कसे गेले

रत्नागिरी जिल्ह्याच्या राजापूर तालुक्यात, जैतापूरच्या खाडीत जुवे नावाचे गाव आहे. चहूबाजूंनी खाडीचे पाणी, ये-जा होडीने, आणि वस्ती शंभराच्या आत. तरीही गावाला स्वतःची ग्रामपंचायत आहे. 1958 च्या कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीत किमान सात सदस्य असावे लागतात, म्हणजे इथे दर दहा-पंधरा माणसांमागे एक सदस्य येतो. राज्यातल्या सर्वांत लहान ग्रामपंचायतींमध्ये जुव्याचे नाव घेतले जाते ते याच कारणाने, आणि निवडणुकीच्या दिवसांत एवढ्यापुरतीच या गावाची बातमी होते. बातमीत गावाला ‘दुर्गम’ म्हटले जाते आणि त्याचा दोष पाण्यावर ढकलला जातो. हे निदान मला चुकीचे वाटते. पाणी पूर्वीही तेवढेच होते. बदलली ती वाहतूक, आणि वाहतूक बदलली ती माणसांनी घेतलेल्या निर्णयांमुळे. म्हणून उपायही माणसांच्या हातात आहे, आणि तो फारसा महागही नाही.

इंग्रजांनी राजापुरात वखार घातली ती 1649 मध्ये. घाटावरचा माल अणस्कुरा घाटातून राजापूरला उतरायचा आणि अर्जुना नदीच्या खाडीतून जैतापूरमार्गे समुद्राला लागायचा. जुवे या वाटेवरच आहे. खाडी गाळाने भरत गेली, मोठी गलबते राजापूरपर्यंत येईनाशी झाली, तरी खाडीच्या मुखाचे महत्त्व टिकले. विसाव्या शतकात मुंबई-गोवा आगबोटी मुसाकाजी, जैतापूरच्या बाजूला थांबत. उतारू पडावात उतरायचे आणि आपापल्या गावी होडीनेच जायचे. ज्या मुलखात सगळेच पाण्यातून जातात, तिथे बेटावर राहणारा माणूस इतरांपेक्षा वेगळा ठरत नाही. उलट तो बंदराच्या जवळचा असतो. पुढे एसटी आली, मुंबई-गोवा महामार्ग आतल्या बाजूने गेला, आगबोटी बंद पडल्या. 26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली, तीही किनाऱ्यापासून बरीच आत. या सुधारणांनी कोकणाचे भले केले हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यांनी किनाऱ्याचे तोंड डोंगराकडे वळवले, आणि जे गाव हमरस्त्यावर होते ते रस्ता संपल्यानंतरचे गाव झाले.

दुसरा बदल गावाच्या आतला. होडी चालवायला वल्ह्यावर दणकट हात लागतात, आणि ते हात मुंबईला गेले. 2001 मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 होती. 2011 मध्ये ती 16,15,069 वर आली. दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येतात तेव्हा होडीला माणसांची कमतरता नसते. प्रश्न उरतो तो आषाढ-श्रावणातल्या एखाद्या रात्रीचा, जेव्हा म्हाताऱ्या बाईला दम लागतो आणि घरात वल्हे मारणारे कोणी नसते. 108 ची रुग्णवाहिका रस्त्यापर्यंतच येऊ शकते. तिच्या आणि रुग्णाच्या मध्ये जे पाणी असते, ते कोणत्याच खात्याच्या जबाबदारीत बसत नाही.

का बसत नाही, याचे उत्तर शासनाच्या मापात आहे. आरोग्य उपकेंद्राला सपाट भागात 5,000 आणि डोंगरी-आदिवासी भागात 3,000 लोकसंख्या हवी. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेची सुरुवात सपाटीवर 500 आणि डोंगरी भागात 250 वस्तीच्या निकषाने झाली. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामीण संस्थांचे अनुदान राज्याराज्यांत वाटताना लोकसंख्येला 90 टक्के आणि क्षेत्रफळाला 10 टक्के वजन दिले. प्रत्येक निकष आपापल्या जागी समजण्यासारखा आहे. पण सगळे मिळून मुख्यतः एकच गोष्ट मोजतात, ती म्हणजे डोकी. पाणी ओलांडायला किती वेळ लागतो, ओहोटीला चिखलात किती चालावे लागते, हे कुठेच मोजले जात नाही. याच तालुक्यात माडबनच्या 9,900 मेगावॅटच्या अणुप्रकल्पासाठी शेकडो हेक्टर जमिनीची मोजणी झाली. मोजायची यंत्रणा नाही, असे म्हणायला म्हणूनच जागा उरत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की बेटाची तर, म्हणजे होडीने पाणी ओलांडून देण्याची सोय, ही रस्त्याइतकीच सार्वजनिक सेवा मानावी. एक यांत्रिक होडी, पाळीने काम करणारे दोन पगारी तांडेल, ठरलेल्या फेऱ्या, अडीअडचणीला रात्रीची हाक, आणि ओहोटीच्या पाण्यापर्यंत पोचणारा धक्का. आपल्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीत दोन मीटरांहून अधिक फरक पडतो. नुसता भरतीच्या रेषेवर बांधलेला धक्का अर्धा दिवस चिखलातच उभा राहतो. तरीचा कायदा आपल्याकडे 1868 पासून आहे, पण व्यवहारात तर म्हणजे ठेका, आणि ठेकेदाराला उतारू लागतात. दाभोळ-धोपावे फेरीबोट 2003 पासून चालू आहे, कारण तिच्यावर गाड्या चढतात. शंभर माणसांच्या बेटाला असा ठेकेदार मिळणार नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. शेजारच्या गोव्यात दिवाडी, चोडण या बेटांना सरकारचे नदी परिवहन खाते फेरीबोट देते, आणि पायी उतारूंकडून पैसे घेत नाही. केरळात 1968 पासून राज्याचे वेगळे जलवाहतूक खाते आहे. या ठिकाणी वस्ती खूप मोठी आहे हे खरे. पण तिथे मान्य झालेले तत्त्व, म्हणजे पाणी ओलांडून देणे हे सरकारचे काम, वस्ती लहान झाली म्हणून खोटे ठरत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो पुलाचा. गावाने पूल मागितला तर त्याला चूक म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. मात्र पुलासाठी कांदळवन तोडण्याची परवानगी लागते, निधी लागतो, वर्षे लागतात. आणि पूल झाला तरी ज्या म्हाताऱ्या माणसाकडे गाडी नाही त्याला एसटीच लागणार. एवढ्याशा वस्तीसाठी ती किती फेऱ्या करील? सेवा नसेल तर पूल गाडीवाल्यांपुरता राहतो.

दुसरा आक्षेप पर्यटनाचा: होमस्टे आले की होड्या आपोआप येतील. घारापुरी मुंबईसमोर आहे, जागतिक वारसा आहे, पर्यटकांनी भरलेली आहे. तिथे समुद्राखालून केबल टाकून वीज पोचली ती 2018 मध्ये. पर्यटक सकाळी येऊन संध्याकाळी परततात, आणि होड्यांच्या वेळा त्यांच्या सोयीने ठरतात.

तिसरा आक्षेप मला खरोखर जड वाटतो. रस्ता, वीज, एसटी असलेली कोकणातली गावेही रिकामी होतच आहेत. मग होडीने काय थांबणार? त्यापेक्षा उरलेल्यांना पलीकडे घरे बांधून द्यावीत. स्कॉटलंडच्या सेंट किल्डा बेटावरचे शेवटचे 36 रहिवासी 1930 मध्ये स्वतःच्याच विनंतीवरून बाहेर आले, हे उदाहरण इथे देता येईल. पण विनंती त्यांची होती, आणि त्यांचे बेट मुख्य भूमीपासून दूर उघड्या अटलांटिकात होते. जुव्याच्या डोळ्यांसमोर दोन्ही काठ आहेत. तरीने स्थलांतर थांबेल असा माझा दावा नाही. तरुण मुंबईला जातीलच, आणि जावेत. पण निवृत्त झालेला गिरणी कामगार, कारकून, परिचारिका परत येऊन राहू शकेल की नाही, हे तरीवर ठरते. सकाळी दवाखाना किंवा बँक करून दुपारी घरी परतता येईल एवढी हमी असेल, तर बंद घर उघडण्याचा विचार माणूस करतो. ती नसेल तर त्याने मुंबई सोडलीच नाही, याला त्याची स्वखुषी कशी म्हणायची? गाव सोडायचेच असेल तर तो निर्णय जुव्याच्या ग्रामसभेचा असावा, आणि तो घेताना होडी घाटाला लागलेली असावी.