पाय बघायची वेळ

सकाळी आठला ड्रेसिंगच्या खोलीत सात-आठ जण टबात पाय बुडवून बसलेले असतात. पाणी साधंच. ज्या पायाला चटका कळत नाही, त्याला कोमट आणि कढत सारखंच! वीसेक मिनिटांनी ब्रदर फरशीवर फतकल मारून बसतात आणि एकेकाचा पाय मांडीवर घेतात.

विदर्भातल्या एका मिशन दवाखान्यात मी तीन सकाळी हे बघत बसलो. भिजून पांढरा पडलेला घट्टा ते खरबरीत दगडानं घासतात, जखमेच्या कडेचा ब्लेडनं सोलतात. घट्टा राहिला की चपलेतल्या खड्यासारखा आत रुततो आणि त्याच्याखालीच नवी जखम होते. मग ओल्या पायावरच खोबरेल. नस मेलेल्या कातडीला घाम येत नाही, ती कोरडी पडून भेगाळते.

कुष्ठरोगानं बोटं झडतात, असं आपण ऐकत आलो. ती जातात न दुखलेल्या जखमांनी, हे वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात १९४६ साली आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं. आज गोळ्यांनी सहा महिन्यांत, फार तर वर्षात रोग बरा होतो. घरातलं वेगळं ताट मात्र तसंच राहतं. २०१९ पर्यंत तर हा रोग घटस्फोटाला कायदेशीर कारण होता.

येशूनं शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून पवित्र गुरुवारी चर्चमध्ये पाय धुतात. ब्रदरना त्याबद्दल विचारलं.

"ते वर्षातून एकदा, साहेब. आणि तिथं लोक पाय धुऊनच येतात."

तिसऱ्या दिवशी त्यांनी एका काकांच्या हातात दगड दिला. "आज तुम्ही घासा, मी बघतो." मला ते जरा कोरडं वाटलं. पण काका परवा घरी जाणार, तिथं मांडी द्यायला कोण बसलंय?

शेजारच्या खोलीत चपला शिवतात. मऊ रबराची, मागं पट्टा असलेली, एकही खिळा नसलेली चप्पल. पूर्वीची काळी जोडी गाव लांबून ओळखायचं, म्हणून लोक ती पिशवीत ठेवून अनवाणी चालायचे. आता वरून बाजारातल्यासारखी करतात. काकांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"एस्टीत कुणी ओळखणार नाही ना?"

शिवणाऱ्या मामांनी आपला पाय पुढं केला. त्यांच्याही पायात तसलीच जोडी होती.