हुकूम राज्याचा, खर्च कोणाचा?

दिव्यांग मूल पटावर आले की त्यास शिकविण्याचे कर्तव्य शाळेकडे येते. विशेष शिक्षक, साहित्य, ने-आण यांचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न मात्र त्यामुळे आपोआप सुटत नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्यात याच प्रश्नावर १७ वर्षे दावा चालला.

तेथील शाळा स्थानिक शिक्षणमंडळे चालवितात व त्या काळी त्यांचा मोठा आधार स्थानिक मालमत्ता कर हाच होता. १९७८ साली मतदारांनी राज्यघटनेत ‘हेडली दुरुस्ती’ मंजूर केली आणि मतदारांच्या संमतीवाचून स्थानिक कर वाढविण्यास बंदी घातली. परंतु स्थानिक संस्थेचे हात असे बांधावयाचे आणि राज्याने तिच्या शिरावर कामे मात्र लादीत राहावयाचे, हे न्यायाचे झाले नसते. म्हणून २९ व्या कलमाने राज्यालाही बांधून घेतले. नवे काम सोपविल्यास त्याचा आवश्यक वाढीव खर्च राज्याने द्यावा. पूर्वी सोपविलेल्या कामांत राज्याच्या वाट्याचे प्रमाण घटवू नये.

यांतील दुसरे बंधन अधिक मार्मिक होय. शंभरांपैकी तीस रुपये राज्य देत असेल, तर खर्च दोनशेंवर गेल्यावर त्याने साठ दिले पाहिजेत. तीसच देऊन ‘अनुदानात कपात केलेली नाही’ असे म्हणता येत नाही. (हिशेब तोंडी असला म्हणजे ही गोष्ट सहज नजरेआड होते.)

दाव्याचा हक्क दुरुस्तीने कोणाही करदात्यास दिला होता. १९८० साली करदाते व शिक्षणमंडळे न्यायालयात गेली. विशेष शिक्षण, त्या विद्यार्थ्यांची वाहतूक, शाळेतील भोजन अशा बाबींत राज्याचा वाटा घटला, अशी तक्रार होती. १९९७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. ८४ शिक्षणमंडळांना सुमारे २१ कोटी १० लाख डॉलर मिळाले. दावा लागला तेव्हा पहिलीत असलेली मुले तोवर शाळा सोडून गेली होती.

भारतात २००९ च्या शिक्षणहक्क अधिनियमाचे कलम ९ स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्ये सांगते, तर कलम ७ निधीची जबाबदारी केंद्र व राज्य या दोन्ही सरकारांवर ठेवते. निधी अपुरा पडल्यास स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य स्थगित होते, असे मात्र त्यात कोठेही म्हटलेले नाही.