दसरा चौकातली मेबॅक आणि जुन्या मोटारींचे मोल

दसऱ्याला कोल्हापूरच्या दसरा चौकात छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार येते, तेव्हा सोने लुटण्याआधी लोक गाडीच पाहून घेतात. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीतली ही जर्मन गाडी. १९२१ पासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत मेबॅक कंपनीने सुमारे १,८०० मोटारीच बनविल्या. तिचे नाव झाले ते झेपेलिन हवाई जहाजांच्या इंजिनांमुळे. मोटारीचे इंजिन व चासी कंपनीची, बॉडी मात्र बहुधा श्पोनसारखे बाहेरचे कारखाने बांधत. त्यामुळे अशा गाडीचा इतिहास शोधणाऱ्याला दोन ठिकाणचे दफ्तर धुंडाळावे लागते.

हा नुसता हौसेचा मामला नव्हे. जुन्या मोटारीची किंमत मूळ नंबरांवर ठरते. पेट्रोल परवडेना म्हणून आपल्याकडे कित्येक मोठ्या अमेरिकन गाड्यांत डिझेल इंजिने बसविली गेली. तेव्हा ते शहाणपणाचेच होते; आज विकताना मालकाला फटका बसतो.

जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, चासी, बॉडी व इंजिनात मोठा बदल न केलेल्या खाजगी वाहनाला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नंतर पुनर्नोंदणीला ५,०००. रोजच्या वापराला किंवा धंद्याला मात्र हे वाहन चालत नाही.

तुटलेला भाग उद्यमनगरात ओतून, लेथवर घडवून घेता येईल. आजोबांच्या वेळचे आरसी बुक कोण घडवणार? घरात अशी गाडी असेल तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी इंजिनावरचा नंबर त्या बुकाशी ताडून पाहावा.