वजन उतरलं, आता घड्याळ सांभाळेल?

वजन कमी केलेल्या माणसाचं कौतुक एकदाच होतं. एखाद्या लग्नात ‘अगं, किती बारीक झालीस! काय केलंस?’ असं चार जणी विचारतात, आणि पुढच्या लग्नापर्यंत तिचं ते रूप सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. अवघड वर्षं नेमकी तिथून सुरू होतात. कौतुक आटलेलं असतं, आहारतज्ज्ञाचं तीन महिन्यांचं पॅकेज संपलेलं असतं आणि काट्यावरचा आकडा महिन्याला पाव-अर्धा किलोने, कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने, वर सरकत असतो. या काळात सोबतीला हल्ली मनगटावर घड्याळ येतं, मोबाइलमध्ये ॲप येतं, ब्लूटूथचा काटा बाथरूमच्या दाराशी येऊन बसतो. या वस्तूंविषयी आपल्याकडे दोनच मतं ऐकू येतात. एक, ‘घड्याळ घेतलं आणि सगळं मार्गी लागलं.’ दुसरं, ‘हे सगळे विकणाऱ्यांचे धंदे.’ गेल्या वीसेक वर्षांतल्या प्रयोगांनी दोन्ही मतांची पंचाईत केली आहे.

‘वजन परत वाढलं, म्हणजे मन खंबीर नव्हतं’

आधी हा गैरसमज निकालात काढायला हवा, कारण बाकीचे त्याच्यावरच उभे आहेत. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ५० लठ्ठ व्यक्तींना १० आठवडे अतिशय कमी उष्मांकांचा आहार दिला. सरासरी साडेतेरा किलो वजन उतरलं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचं महत्त्व मात्र पुढच्या तपासणीत आहे. आहार संपून वर्ष लोटलं तरी भूक चेतवणारं घ्रेलिन हे संप्रेरक आधीपेक्षा वाढलेलंच होतं, पोट भरल्याची वर्दी देणारं लेप्टिन खालीच होतं, आणि माणसांना खरोखरच जास्त भूक लागत होती. वजन थोडं परत आलं होतं, पण शरीर अजून टंचाईच्याच तयारीत होतं.

‘द बिगेस्ट लूझर’ या अमेरिकी टीव्ही स्पर्धेतल्या १४ स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा विश्रांतीच्या अवस्थेत त्यांचं शरीर त्यांच्या वजनाच्या मानाने अपेक्षित असतं त्यापेक्षा दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी कमी खर्च करत होतं. इतकी टोकाची घट सगळ्यांमध्ये होत नाही. त्या स्पर्धेतला उपाशीपणा आणि व्यायामही टोकाचाच होता. २०२५ पासून आपल्याकडे वजनाच्या नव्या इंजेक्शनांची चर्चा घरोघरी आहे. त्यांच्याबाबतीतही गोष्ट तीच: सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आल्याचं दिसलं आहे.

म्हणजे वजन टिकवणं हे वर्षानुवर्षांचं काम आहे. यासाठी घेतलेल्या कोणत्याही साधनाला पहिला प्रश्न हाच विचारायचा की, हे मी तीन वर्षांनंतरही वापरत असेन का?

‘घड्याळ बांधलं की वजन ताब्यात’

याला सर्वांत मोठा धक्का पिट्सबर्ग विद्यापीठाने दिला. १८ ते ३५ वयोगटातल्या ४७१ जणांना पहिले सहा महिने सारखाच आहार, व्यायाम आणि समुपदेशन दिलं गेलं. मग त्यांचे दोन गट केले. एका गटाने आपलं खाणं आणि व्यायाम स्वतःच नोंदवायचा होता. दुसऱ्याला त्यासाठी दंडावर बांधायचं, हालचाल मोजणारं उपकरण मिळालं. दोन वर्षांच्या अखेरीस, २०१६ मध्ये आकडे आले ते असे: उपकरणाविना असलेल्यांचं वजन सरासरी ५.९ किलोने कमी होतं, उपकरणवाल्यांचं अवघं ३.५ किलोने.

यावरून ‘घड्याळाने वजन वाढतं’ असं म्हणणाऱ्यांनीही थोडं थांबावं. दोन्ही गटांचं वजन सुरुवातीपेक्षा कमीच होतं, आणि उपकरणवाले मागे का पडले हे त्या प्रयोगातून सिद्ध झालेलं नाही. पण एक शंका घेता येते, आणि ती घेण्यासाठी प्रयोगशाळेत जायला नको. घड्याळ सांगतं, ‘आज तुम्ही ६०० कॅलरी जाळल्या.’ माणूस मनातल्या मनात त्यातला वडापाव वजा करतो.

इथे आणखी एक भानगड आहे. तो ६०० चा आकडाच भरवशाचा नसतो. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मनगटावरची सात उपकरणं ६० स्वयंसेवकांवर तपासली. हृदयाचे ठोके बहुतेकांनी बऱ्यापैकी अचूक मोजले. उष्मांकांच्या बाबतीत मात्र त्यातल्या त्यात चांगल्या उपकरणाची चूक सरासरी २७ टक्के होती आणि सर्वांत वाईटाची ९३ टक्के. उपकरणं तेव्हापासून सुधारली असतील, पण मनगटाची हालचाल आणि नाडी यांवरून उष्मांकांचा अंदाज बांधण्याची मूळ अडचण आहे तिथेच आहे. पावलं बघा, ठोके बघा. जळलेल्या कॅलरींच्या बदल्यात जेवण ठरवू नका.

आणि दहा हजार पावलं? हा आकडा एका जपानी कंपनीने १९६५ मध्ये बाजारात आणलेल्या पाऊलमापकाच्या नावातून आला, वैद्यकशास्त्रातून नव्हे. चालावं, भरपूर चालावं. आठ हजारांवर थांबलात म्हणून दिवस वाया गेला, असं मात्र नाही.

‘मग हे सगळं फोल आहे’

नाही. ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स इथे रेना विंग आणि सहकाऱ्यांनी केलेला, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग मला या विषयातला सर्वांत शहाणा वाटतो. त्यात आधीच वजन उतरवलेली ३१४ माणसं होती. गेल्या दोन वर्षांत त्यांनी सरासरी १९ किलो कमी केले होते. त्यांचे तीन गट केले. एकाला फक्त पत्रकं मिळाली, दुसऱ्याला इंटरनेटवरून मार्गदर्शन, तिसऱ्याला समोरासमोर बैठका. शेवटच्या दोन्ही गटांना शिकवलं ते एकच. रोज वजन करा आणि आकडा कोणत्या पट्ट्यात आहे ते बघा. सुरुवातीच्या वजनाच्या आसपास असाल तर हिरवा. थोडं वाढलं तर पिवळा, म्हणजे खाण्यात आणि चालण्यात आत्ताच लहानसा बदल करा. सव्वादोन किलोंच्या वर गेलं तर लाल, म्हणजे वजन कमी करताना जे केलं होतं ते पुन्हा सुरू करा आणि मदत मागा.

दीड वर्षाने पत्रकवाल्यांपैकी ७२ टक्के जणांचं वजन २.३ किलो किंवा त्याहून अधिक वाढलेलं होतं. इंटरनेट गटात हे प्रमाण ५५ टक्के होतं, बैठकांच्या गटात ४६. या दोन्ही गटांत जे रोज काट्यावर उभे राहत होते त्यांना वजन परत वाढण्याचा धोका कमी होता. इंटरनेटचा फायदा झाला खरा, पण सरासरी वाढ बघितली तर तो गट पत्रकवाल्यांच्या जवळच होता: ४.७ किलो विरुद्ध ४.९. बैठकांचा गट २.५ किलोंवर थांबला.

हा प्रयोग मला आवडतो तो त्यातल्या पट्ट्यांमुळे. आकड्याला पुढची कृती आधीच जोडून ठेवलेली होती. आपल्याकडची बहुतेक ॲप्स आलेख सुंदर काढतात आणि तिथेच थांबतात. पासबुक रोज उघडून बघितल्याने शिल्लक वाढत नाही. काट्याचंही तसंच आहे.

‘रोज वजन केलं की माणूस वेडा होतो’

काहींच्या बाबतीत खरं आहे. ज्यांना खाण्याविषयीचा मानसिक आजार आहे किंवा होऊन गेला आहे, त्यांनी रोजच्या काट्यापासून लांब राहावं आणि डॉक्टरांचं ऐकावं. गर्भारपण, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर वजनाच्या चढउताराचा अर्थच वेगळा असतो. बाकीच्यांना त्रास होतो तो बहुधा आकड्याचा अर्थ न कळल्याने.

एका दिवसात किलोभर वजन वाढतं ते चरबीचं नसतं. शरीर पिठूळ पदार्थांमधली साखर ग्लायकोजेन म्हणून साठवतं आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. रात्री पुरणपोळी आणि खारट कटाची आमटी झाली की सकाळी काटा एक-दीड किलो जास्त दाखवू शकतो. पाळीच्या आधीच्या दिवसांत, प्रवासानंतर, रविवारच्या जेवणानंतर हेच होतं. म्हणून सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करावं आणि त्या दिवसाच्या आकड्याऐवजी सात दिवसांची सरासरी बघावी. ॲप इथे खरोखर उपयोगी पडतं, कारण ती सरासरी आपण स्वतः काढत बसत नाही.

ज्यांनी वजन दीर्घकाळ टिकवलं आहे अशांची एक मोठी नोंदवही अमेरिकेत १९९४ पासून आहे. किमान साडेतेरा किलो कमी करून ते वर्षभर टिकवलेल्यांनाच तिच्यात प्रवेश मिळतो, आणि तिची सदस्यसंख्या १०,००० च्या वर आहे. त्यांतले तीन-चतुर्थांश लोक आठवड्यातून एकदा तरी वजन करतात. म्हणून वजन टिकलं की टिकवण्याची जिद्द होती म्हणून वजन केलं, हे अशा नोंदवहीतून ठरत नाही. वजन करत राहिल्याने मोडत मात्र काही नाही.

‘ॲपला आपलं ताट कळतं’

फार नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये ५२८ भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. काम मोलाचं आहे, पण ते ज्वारी, तूरडाळ, पडवळ यांचं आहे. तुमच्या घरच्या पिठल्याचं किंवा डाळीच्या आमटीचं नाही. ‘एक वाटी भाजी’ अशी नोंद केली तर फोडणीत तेल चमचाभर होतं की पळीभर, हे ॲपला कोण सांगणार? एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० किलोकॅलरी. ताटाचा फोटो काढला तरी तेल फोटोत दिसत नाही, आणि उपवासाच्या खिचडीतलं दाण्याचं कूटही दिसत नाही.

शिवाय माणूस कमी लिहितो. १९९२ मधल्या एका गाजलेल्या अभ्यासात, ‘काही केल्या वजन उतरत नाही’ म्हणणाऱ्या १० जणांनी स्वतःचं खाणं सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगितलं होतं. त्यात लबाडी नव्हती. भांडी आवरताना तोंडात टाकलेले दोन घास कुणी मोजत नाही.

तरीही नोंद ठेवावी. २०१९ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात ऑनलाइन नोंदीला पहिल्या महिन्यात दिवसाला सुमारे २३ मिनिटं लागत, सहाव्या महिन्यात १५ पेक्षा कमी. ज्यांचं वजन जास्त उतरलं ते जास्त वेळ बसणारे नव्हते, जास्त वेळा लिहिणारे होते. वजन टिकवण्याच्या काळात तर वर्षभर ग्रॅम-ग्रॅम लिहिण्याची गरजच नाही. लग्नसराई, गणपती, दिवाळी असे घसरणीचे आठवडे आणि काटा पिवळ्या पट्ट्यात गेल्यावरचे आठवडे एवढी नोंद पुष्कळ झाली.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. परदेशी ॲप बीएमआय २५ पर्यंत तुम्हाला ‘नॉर्मल’ म्हणतं. भारतीयांसाठी जादा वजनाची रेषा २३ वर आणि लठ्ठपणाची २५ वर धरली जाते. कंबरेचा घेर पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा. ॲपने हिरवा रंग दाखवला म्हणून निश्चिंत होऊ नका. शिंप्याची टेप त्याहून खरं बोलते.

‘माणसाची गरज उरली नाही’

या समजुतीला प्रयोगांनी पुन्हा पुन्हा नकार दिला आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत वजन उतरवलेले १,०३२ जण होते. अडीच वर्षांनंतर स्वतःच्या भरवशावर सोडलेल्यांचं वजन ५.५ किलोने परत वाढलं होतं, संवादी संकेतस्थळ वापरणाऱ्यांचं ५.२ किलोने, आणि ज्यांना दर महिन्याला एक माणूस फोन करत होता किंवा भेटत होता त्यांचं ४ किलोने. संकेतस्थळाचा फायदा मधल्या काळात दिसला होता, शेवटी विरला. पुढे लीड्स, कोपनहेगन आणि लिस्बन या तीन शहरांत १,६०० हून अधिक लोकांना घड्याळं, स्मार्ट काटे आणि मानसशास्त्राच्या आधाराने घडवलेलं ॲप देऊन बघितलं. त्या ॲपने वजन परत वाढण्यात लक्षणीय फरक पडला नाही.

उलट साध्या साधनानेही काम होतं, जर ते नेटाने मागे लागत असेल. दक्षिण भारतात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३७ पुरुषांपैकी निम्म्यांना दोन वर्षं नियमित एसएमएस पाठवले गेले. त्यांच्यात १८ टक्क्यांना मधुमेह झाला, बाकीच्यांत २७ टक्क्यांना. हा प्रयोग मधुमेह टाळण्याचा होता, वजन टिकवण्याचा नव्हे. पण स्मार्टफोनशिवायही आठवण करून देता येते, एवढं त्यातून नक्की कळतं. महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या दोन वेळच्या जेवणाच्या मोहिमेभोवती व्हॉट्सॲपचे गट उभे राहिले. त्या आहाराविषयी मतभेद आहेत आणि ते असावेत. पण ‘आज काय खाल्लं, किती चाललात’ असं विचारणारी माणसं मोबाइलवर मिळणं, ही त्यातली गोष्ट घेण्यासारखी आहे.

म्हणून नवं घड्याळ घेण्याआधी घरात एक साधा डिजिटल काटा आणा. हजार रुपयांच्या आत मिळतो. आजच्या वजनापेक्षा दोन किलो वर एक रेषा ठरवा. ती ओलांडली तर दुसऱ्या दिवसापासून नेमकं काय करायचं, हे आजच लिहून ठेवा. आणि दर महिन्याच्या एक तारखेला तुमचा आकडा कुणाला सांगणार, त्या माणसाला आज संध्याकाळी फोन करून विचारा.