रस्ट भाषेतील सामान्यीकृत लांबीचे ॲरे : एक विवेचन

प्रस्तावना :
एकाच प्रकारच्या मूल्यांची स्मृतीतील सलग मांडणी म्हणजे ॲरे होय. ही रचना बहुतेक सर्व संगणकीय भाषांत आढळते. मात्र ॲरेची लांबी हा त्याच्या प्रकाराचा भाग मानावा की नाही, याविषयी भाषाभाषांत मतभेद आहेत. आज्ञावलीची सुरक्षितता व तिचा पुनर्वापर या दोन्ही बाबी या प्रश्नाशी निगडित आहेत. रस्ट या सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग भाषेने त्याची केलेली उकल प्रस्तुत लेखात विशद केली आहे.

पूर्वीचे दोन मार्ग :
सी भाषेत ॲरे फंक्शनकडे पाठविताच त्याचे पॉइंटरमध्ये रूपांतर होते व लांबीची माहिती लोप पावते. त्यामुळे एकच फंक्शन कोणत्याही लांबीसाठी वापरता येते. परंतु मर्यादा सांभाळण्याची जबाबदारी सर्वस्वी प्रोग्रॅमरवर येते. नोव्हेंबर १९८८ मधील मॉरिस वर्मने याच उणिवेचा लाभ घेतला. फिंगर सेवेने राखून ठेवलेल्या ५१२ बाइट जागेत त्याने ५३६ बाइट घुसविले व अनेक संगणकांत प्रवेश मिळविला.

याउलट मूळ पास्कल भाषेत लांबी प्रकारातच समाविष्ट होती. १० घटकांचा व २० घटकांचा ॲरे हे दोन भिन्न प्रकार ठरत. परिणामी क्रमवारी लावण्याचे एकच फंक्शन दोघांना चालत नसे. ब्रायन कर्निघन यांनी १९८१ मध्ये पास्कलवर केलेल्या टीकेत या दोषावर विशेष भर दिला.

रस्टमधील उकल :
रस्टमध्येही लांबी प्रकाराचाच भाग आहे. २०१५ मधील पहिल्या स्थिर आवृत्तीत प्रमाण ग्रंथालयाच्या अनेक सुविधा केवळ ३२ घटकांपर्यंतच्या ॲरेंना उपलब्ध होत्या. कारण प्रत्येक लांबीसाठी त्या स्वतंत्रपणे लिहाव्या लागत. म्हणून एसएचए-२५६ चे ३२ बाइटचे दोन निष्कर्ष थेट ताडून पाहता येत, पण एसएचए-५१२ चे ६४ बाइटचे निष्कर्ष तसे ताडता येत नसत. ऑक्टोबर २०२० मधील १.४७ आवृत्तीत यांपैकी बहुतेक सुविधांवरील ही मर्यादा दूर झाली. मार्च २०२१ मधील १.५१ आवृत्तीने 'कॉन्स्ट जेनेरिक्स' ही सोय सर्वांसाठी खुली केली.

या सोयीमुळे लांबी हे प्रकाराचे प्राचल बनते. फंक्शन 'एन' लांबीसाठी एकदाच लिहिले जाते व कंपायलर वापरातील प्रत्येक लांबीसाठी त्याची स्वतंत्र प्रत तयार करतो. सारण्यांच्या गुणाकारात पहिल्या सारणीचे स्तंभ व दुसरीच्या ओळी यांसाठी एकच प्राचल योजल्यास विसंगत गुणाकार संकलनाच्या वेळीच नाकारला जातो.

मर्यादा :
१.५१ आवृत्तीत अशी प्राचले पूर्णांक, बूलियन व अक्षर या प्रकारांपुरतीच होती. 'एन अधिक एक' अशी राशी लांबी म्हणून लिहिता येत नव्हती. शिवाय लांब्या पुष्कळ असल्यास प्रती वाढून आज्ञावलीचा आकार वाढतो. लांबी प्रत्यक्ष कार्यवाहीच्या वेळीच ज्ञात होणार असेल, तर स्लाइस वा व्हेक्टर हेच योग्य होत.

निष्कर्ष :
सीने व्यापकतेसाठी सुरक्षितता गमावली, तर पास्कलने सुरक्षिततेसाठी व्यापकता. लांबी प्रकारात ठेवून तिलाच प्राचल केल्यास दोन्ही साधता येतात. पास्कलचा दोष लांबी प्रकारात घेण्यात नव्हता. तिला सामान्यरूप देण्याची सोय नसणे, हा तो दोष होता, हेच यावरून स्पष्ट होते.