युनियनच्या अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून जाताना

आम्ही अंगणवाडीत काम करणाऱ्या तिघी जणी, दोघी सेविका आणि एक मदतनीस. आमच्या तालुक्याने आम्हाला युनियनच्या वार्षिक अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून पाठवलं होतं. निघताना गावात जो तो विचारायचा, "काय बाई, सहल का?" आणि परत आल्यावर, "मग, काय मिळालं?" पहिला प्रश्न आम्ही हसण्यावारी नेला. दुसऱ्याचं उत्तर जरा लांब आहे. तुमच्यापैकी कुणी आशाताई असेल, कुणी शाळेत खिचडी शिजवत असेल, कुणी शेतमजुरांच्या संघटनेची पावती फाडली असेल. उद्या तुमचंही नाव पुढे येईल, म्हणून जे पाहिलं ते सगळं सांगतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. मेळावा वेगळा आणि अधिवेशन वेगळं. मेळाव्याला कुणीही यावं, नेत्यांचं ऐकावं, टाळ्या वाजवाव्यात, घोषणा द्याव्यात. तेही लागतंच. पण अधिवेशनात वर्षभराचं काम तपासतात, जमाखर्च मंजूर करतात, पुढच्या मागण्या ठरवतात, पदाधिकारी निवडतात. तिथे मताला हात वर करायचा हक्क फक्त प्रतिनिधीला. किती सभासदांमागे एक प्रतिनिधी हे त्या त्या संघटनेच्या घटनेत, म्हणजे नियमांच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. आमच्याकडे शंभरामागे एक. गेल्या वर्षी आमच्या तालुक्यात वर्गणीच्या ३१२ पावत्या फाटल्या, म्हणून तिघी गेलो. शेजारच्या तालुक्यात बाया आमच्याहून जास्त, पण पावत्या दोनशेच्या आतच राहिल्या, तर त्यांची एकच जण. "वर्गणी पुढच्या महिन्यात देते गं" म्हणणारीला आम्ही आता हेच सांगतो. तिथे आपले हात किती, ते पावती पुस्तक ठरवतं.

निवड झाली पंचायत समितीच्या आवारात, महिन्याच्या बैठकीनंतर. आधी पुढे आलेली तिन्ही नावं सेविकांची होती. मदतनीस कशाला, त्यांना बोलायला जमत नाही, असं कुणीतरी म्हणालं. तेव्हा एका जुन्या सेविकाताईंनी पावती पुस्तक उघडून दाखवलं. निम्म्या पावत्या मदतनिसांच्या. एक नाव बदललं. या बदलाचा पुढे काय उपयोग झाला, ते येईलच.

नाव ठरलं की लगेच पिशवी भरायची नसते, आधी वही भरायची. आम्ही बीट वाटून घेतले आणि पंधरा दिवस फिरलो. बायांनी भरभरून सांगितलं. गॅसचा सिलिंडर वेळेवर येत नाही, खोलीचं भाडं थकलंय, पोषण ट्रॅकर भरता भरता मुलांना शिकवायचं राहून जातं. आणि प्रत्येक ठिकाणी एक वाक्य ठरलेलं: मानधन वेळेवर येत नाही. हे वाक्य दर अधिवेशनात होतं, दर निवेदनात होतं. वरचे साहेब "हो हो, बघतो" म्हणतात आणि विषय संपतो. म्हणून आम्ही प्रत्येकीला पासबुक काढायला लावलं. मागच्या सहा महिन्यांत मानधन कोणत्या तारखेला जमा झालं, ते वहीत उतरवून घेतलं. ज्यांच्या पासबुकात नोंदी नव्हत्या त्या बँकेत जाऊन छापून घेऊन आल्या. वहीची चार पानं भरली. तक्रारीला तारीख मिळाली की तिचा मुद्दा होतो, आणि मुद्दा "बघतो" म्हणून उडवता येत नाही.

हे काही आम्ही शोधून काढलेलं नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले कार्यकर्ते आणि 'दीनबंधू' पत्राचे संपादक. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरवली आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यातल्या मागण्या पाहा कशा नेमक्या होत्या. आठवड्यातून रविवारची सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच. आणि पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. "पगार लवकर द्या" असं मोघम नाही, १५ तारीख! सहा वर्षांनी, एप्रिल १८९० मध्ये, पुन्हा मोठी सभा झाली. जवळजवळ दहा हजार कामगार जमले होते आणि त्या सभेत दोन कामगार बायांनी भाषणं केली. त्याच वर्षी १० जूनला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. आज आपण रविवार हक्काचा धरतो, त्याच्यामागे त्या दोघीही आहेत. त्यांचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलेलं आमच्या वाचनात आलं नाही.

प्रवासाचं थोडक्यात सांगतो. रजेचा अर्ज आधी द्यायचा आणि त्याची पोच घ्यायची. एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खर्च कमी येतो. प्रत्येक तिकीट जपून ठेवायचं, कारण पैसे तालुक्याच्या निधीतले असतात. अंथरूण-पांघरूण, औषधं, वही, दोन पेनं. घरचं पोरंबाळं, गुरंढोरं कोण बघणार ते तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं माहीत.

पोचल्यावर पहिलं काम नोंदणी. तालुक्याचं पत्र दाखवायचं, प्रतिनिधी शुल्क भरून पावती घ्यायची, मग बिल्ला मिळतो. बिल्ला नसला तर सभागृहात बसता येईल, पण मत देता येत नाही. बिल्ल्याबरोबर एक फाइल मिळते. तीत सरचिटणीसांचा अहवाल, जमाखर्च आणि ठरावांचे मसुदे असतात. पुष्कळ जणी ती फाइल वाऱ्यासाठी वापरतात. आम्ही मुक्कामाच्या खोलीत रात्री ती मोठ्याने वाचून काढली. आमच्यातली मदतनीस चौथीपर्यंत शिकलेली, पण ऐकून लक्षात ठेवण्यात ती आम्हा दोघींना भारी आहे.

सकाळी झेंडा झाला. वर्षभरात गेलेल्या सभासदांसाठी उभं राहून श्रद्धांजली झाली. ती यादी ऐकताना सभागृह खरंच गप्प होतं. मग सभा चालवायला अध्यक्षमंडळ बसलं. समोर सगळ्या बाया आणि वर मंचावर निम्म्याहून जास्त पुरुष, हेही डोळ्यांना दिसलंच. दुपारी एका जिल्ह्याच्या ताईंनी ते माइकवर बोलूनही दाखवलं. टाळ्या जोरात पडल्या. मंचावरचेही हसले. खुर्च्या मात्र तशाच राहिल्या.

अहवालानंतर हिशेब. इथे बायका गप्प बसतात, आणि का बसतात तेच आम्हाला कळत नाही. बचत गटात आपण वीस रुपयांच्या फरकासाठी सगळी वही पुन्हा तपासतो की नाही? युनियनचा हिशेबही आपल्याच वर्गणीचा. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यातच सभासदाला हिशेबाच्या वह्या आणि सभासदांची यादी पाहण्याचा हक्क लिहिला गेला, दर वर्षी हिशेब तपासून घ्यायचं बंधनही घातलं गेलं. आम्ही दोन प्रश्न विचारले. आमच्या तालुक्याने पाठवलेली वर्गणी कुठल्या ओळीत दिसते? आणि प्रवासखर्चाचा आकडा मागच्या वर्षाहून एवढा का वाढला? खजिनदारांना राग आला नाही. त्यांनी वही उघडली, मोर्च्याच्या गाड्यांचा खर्च दाखवला. पटलं. मग आम्ही हात वर केला.

दुसरा दिवस ठरावांचा, आणि खरं अधिवेशन तेच. छापील मसुदा एक जण वाचते, ती सूचक. दुसरी पाठिंबा देते, ती अनुमोदक. मग चर्चा. कुणाला शब्द बदलायचा असेल तर उपसूचना द्यायची, तीही तोंडी नाही, चिठ्ठीवर लिहून.

एक ठराव ग्रॅच्युइटीचा होता. ग्रॅच्युइटी म्हणजे काम सोडताना किंवा निवृत्त होताना मिळायची एकरकमी रक्कम. तिचा १९७२ चा कायदा २०२५ पर्यंत लागू होता. निदान पाच वर्षं सलग काम झालेलं हवं. प्रत्येक पुऱ्या वर्षामागे १५ दिवसांचा पगार धरतात, आणि महिना २६ दिवसांचा मानतात. समजा एखादीला महिना दहा हजार मिळतात आणि तिची वीस वर्षं झालीत. दहा हजार भागिले २६, गुणिले १५, गुणिले २०. एक लाख पंधरा हजारांच्या वर रक्कम होते. अंगणवाडीच्या बाया मानसेवी, त्यांना मिळतं ते वेतन नव्हे, मानधन, म्हणून हा कायदा त्यांना लागू नाही, असं सरकारी बाजू वर्षानुवर्षं सांगत आली. गुजरातमधल्या बायांनी ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं. २५ एप्रिल २०२२ रोजी निकाल लागला: अंगणवाडी सेविका आणि मदतनीस, दोघींनाही ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो.

आमच्या हातातल्या मसुद्यात लिहिलं होतं, "सेविकांना ग्रॅच्युइटी तातडीने लागू करावी." रात्री वाचतानाच आमच्या मदतनीसबाई थांबल्या होत्या. "यात मी कुठंय?" म्हणाल्या. चिठ्ठी आम्ही रात्रीच लिहून ठेवली. 'सेविकांना' याऐवजी 'सेविका व मदतनीस यांना' असं वाचावं. सूचक त्या, अनुमोदक आम्ही. मंचावरून कुणी म्हणालं, "ताई, सेविका म्हटलं की मदतनीस आल्याच त्यात." त्यावर त्या माइकपाशी उभ्या राहून एवढंच बोलल्या, "मग मानधनाच्या जीआरमध्ये आमची ओळ वेगळी का असते, आणि आकडा कमी का असतो?" सभागृहात आधी हशा, मग टाळ्या. उपसूचना मंजूर झाली.

एका शब्दासाठी एवढं कशाला, असं वाटेल. पण ठरावातला शब्द निवेदनात जातो, निवेदनातला शब्द मंत्र्यांबरोबरच्या बोलणीत जातो, बोलणीत ठरेल ते जीआरमध्ये छापलं जातं. आणि जीआरमध्ये जिचं नाव नाही तिला कार्यालयातला कारकून एक रुपया देत नाही. आमच्या मदतनीसबाईंच्या निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत. छब्बीस वर्षं त्यांनी लेकरांची तोंडं पुसली, चुली पेटवल्या.

दुसरा अवघड ठराव आंदोलनाचा. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभर अंगणवाड्यांचा संप सुरू झाला आणि दीड महिन्याहून जास्त चालला. तो आम्हा सगळ्यांच्या अंगावर अजून ताजा आहे. सभागृहात तरुण मुलींचा जोर मोठा, मागण्या मान्य नाहीत तर बेमुदत संप, तारीख आत्ताच ठरवा. ऐकताना आपल्यालाही स्फुरण चढतं. पण आमचे हात तीन असले तरी त्यांच्यामागे ३१२ चुली आहेत. निघण्याआधी आम्ही प्रत्येक बीटमध्ये विचारलं होतं, मानधनाशिवाय किती दिवस निघतील? मागच्या संपात कितीतरी जणींनी बचत गटातून कर्ज उचललं होतं आणि ते फिटायला वर्ष गेलं. एकीने तर नवऱ्याच्या नकळत पोत गहाण ठेवली होती. बायांनी संपाला नाही म्हटलं नव्हतं. "आधी आम्हाला विचारा," असं म्हटलं होतं. आम्ही माइकवर तेच सांगितलं, तारीख ठरवण्याआधी तालुक्या-तालुक्यात सभा घ्या, आणि संपनिधी आजपासून गोळा करा. आणखी सहा-सात तालुक्यांनी तोच सूर लावला. शेवटी ठराव झाला तो असा: आधी तालुका सभा, मग धरणं, त्यानंतर संपाचा निर्णय. मागे बसलेल्या काही मुली आमच्यावर नाराज झाल्या. जेवताना त्यांच्याशी बोललो. त्यांचंही खरं होतं, दर वेळी थांबा थांबा म्हणता म्हणता वय निघून जातं.

पदाधिकाऱ्यांची निवड शेवटी झाली. नावं आधीच ठरून आली होती, हात वर झाले, पंधरा मिनिटांत आटोपलं. त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही. फक्त कार्यकारिणीत या वेळी दोन मदतनीस आल्या.

परतल्यावर आठ दिवसांच्या आत आम्ही तालुक्याची सभा बोलावली. आधी खर्च वाचून दाखवला, तिकिटं आणि पावत्या टेबलावर ठेवल्या, उरलेले १४० रुपये निधीत भरले. मग ठरावांच्या झेरॉक्स प्रत्येक बीटला एकेक दिली. "काय मिळालं?" हा प्रश्न तिथेही आलाच. आम्ही सांगितलं, हातात पैसा पडलेला नाही. ग्रॅच्युइटीच्या मागणीत मदतनीस लिहून आल्या आहेत. संपाची तारीख आपल्याला विचारल्याशिवाय ठरणार नाही. आणि पासबुकाच्या तारखांची चार पानं सरचिटणीसांनी ठेवून घेतली, बाकीच्या तालुक्यांनाही तसाच तक्ता करायला सांगितलंय.

एका काकूंनी विचारलं, "म्हणजे आता दर महिन्याला पासबुक छापून आणायचं?" हो, काकू. मानधन जमा झालं की तारीख बीटच्या वहीत लिहायची आहे. वही सध्या आमच्या मदतनीसबाईंकडे असते.