एकाच तालमीचे दोघे, गदा मात्र एकच. मग मैत्रीचं काय होतं?

भोर आणि वेल्ह्यातल्या गावजत्रांत कुस्त्यांचा फड लागला की समोरचा पैलवान अनेकदा ओळखीचाच निघतो. कधी शेजारच्या गावचा, कधी रोजच्या सरावातला जोडीदार. अशा वेळी मैत्री राखायची की कुस्ती मारायची?

२०२० मध्ये काय घडलं?
७ जानेवारी २०२० रोजी बालेवाडीत ‘महाराष्ट्र केसरी’ची अंतिम लढत झाली. गादी विभागातून नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आला, माती विभागातून लातूरचा शैलेश शेळके. दोघेही काका पवार यांचे शिष्य, पुण्यात कात्रज परिसरातल्या एकाच संकुलात घडलेले. हर्षवर्धनने ३-२ अशी बाजी मारली आणि निकालानंतर शैलेशलाच खांद्यावर उचलून घेतलं.

एकत्र सराव करून नुकसान होत नाही?
एकमेकांचे डाव पाठ होतात, हे खरं. पण तगडा जोडीदार नसेल तर डावाची तोड शिकणारच कुठे? २०२३ च्या जानेवारीत कोथरूडला अंतिम फेरीत भिडलेले शिवराज राक्षे आणि महेंद्र गायकवाड हेही काका पवारांच्याच तालमीतले.

मग मित्रासाठी कुस्ती सोडली तर?
तिला फडात ‘नुरा कुस्ती’ म्हणतात. ती ओळखू आली की प्रेक्षक हुर्यो उडवतात. अशी कुस्ती इनाम देणाऱ्या गावाची फसवणूक ठरते आणि मित्राच्या विजयालाही किंमत उरत नाही. हातसलामी झाली की पूर्ण ताकदीनं लढणं, हाच जोडीदाराचा मान.

ईर्ष्या हाताबाहेर गेली तर?
फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या ‘महाराष्ट्र केसरी’त पंचांच्या निर्णयावरून वाद पेटला. त्यानंतर दोन मल्लांवर तीन वर्षांच्या बंदीची कारवाई जाहीर झाली.

आखाड्याबाहेर हे कुठे लागू होतं?
पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना हा पेच रोजचाच. मैदानी चाचणी ५० गुणांची. त्यात मुलांना १६०० मीटर धावण्याचे २० गुण. सराव गटानं होतो, गुणवत्ता यादीत मात्र प्रत्येक जण एकटा. तिथे तालमीची रीत कामी येते:

- सरावात वेळ मोजून द्या, चूक तोंडावर सांगा.
- चाचणीच्या दिवशी कुणासाठीही वेग कमी करू नका.
- निकालानंतर मागे राहिलेल्याला पुढच्या भरतीच्या सरावाला सोबत न्या.